रामा राघोबा राणे : रस्ता मोकळा करणारा सफरमैना

१/
एप्रिल १९४८. जम्मूच्या डोंगराळ मुलखात नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भारतीय रणगाडे उभे आहेत. इंजिने चालू आहेत, तोफांत गोळे भरलेले आहेत, पण पुढे सरकता येत नाही. रस्त्यात भूसुरुंग पेरलेले आहेत, चिडाची झाडे आडवी पाडलेली आहेत आणि मोऱ्या उडवून दिलेल्या आहेत. हा रस्ता मोकळा करण्याचे काम ज्या तुकडीवर सोपवले होते, तिचा प्रमुख होता कारवारकडचा एक २९ वर्षांचा सेकंड लेफ्टनंट. सलग चार दिवस त्याने जे केले त्यासाठी त्याला परमवीर चक्र मिळाले. त्याची आणि त्याच्या काळाची ही कथा. #थ्रेड

२/
रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया या गावी झाला. कारवार आज कर्नाटकात असले, तरी तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो मुंबई राज्यातच राहिला. कोकणी बोलणारे हे मराठा कुटुंब. वडील पोलीस खात्यात शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण एका शाळेतून दुसऱ्या शाळेत असे तुकड्यातुकड्यांनी झाले. ज्या घरातून लष्करी अधिकारी निघावा अशी त्या काळी कोणाची अपेक्षा असे, ते हे घर नव्हते.

३/
१९३० साली रामा बारा वर्षांचा होता. त्या वर्षी मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला. उत्तर कानडा जिल्ह्यात त्याचे केंद्र अंकोला होते, म्हणजे कारवारपासून हाकेच्या अंतरावर. कोवळ्या रामालाही चळवळीचे वारे लागले. सरकारी गणवेश घालणाऱ्या बापाच्या मनाची स्थिती काय झाली असेल याची कल्पना करता येते. मुलगा चळवळीत ओढला जाणार या धास्तीने त्यांनी कुटुंबाचा मुक्काम पुन्हा चेंडियाला हलवला. पुढे दहाच वर्षांनी हा मुलगा ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात दाखल झाला. त्या पिढीतील असंख्य घरांत स्वराज्याची ओढ आणि पोटाचा प्रश्न या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदत होत्या.

४/
१० जुलै १९४० रोजी राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. मराठीत या दलासाठी एक जुना, खास शब्द आहे : सफरमैना. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या इंग्रजी नावाचा हा देशी उच्चार. पूल बांधणे, पूल उडवणे, रस्ते काढणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे ही त्यांची कामे. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे आणि त्यांचे ब्रीद एका शब्दाचे आहे : ‘सर्वत्र’. प्रशिक्षणात राणे आपल्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट रंगरूट ठरले आणि कमांडंटच्या हस्ते देण्यात येणारी मानाची छडी त्यांना मिळाली.

५/
सफरमैनांच्या कामाचे स्वरूप समजल्याशिवाय पुढची कथा समजणार नाही. पायदळाचा सैनिक संकट आले की जमिनीला चिकटतो, आडोसा घेतो, उलट गोळी झाडतो. सुरुंग काढणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि नजर जमिनीवर असते. संगिनीचे टोक तिरपे धरून तो माती हळूहळू टोचत जातो. टोक कशाला अडले की बोटांनी माती बाजूला करतो, सुरुंगाच्या कडा मोकळ्या करतो, खाली दुसरा जोडलेला नाही ना हे पाहतो आणि मग तो निकामी करतो. टोक सरळ वरून दाबले गेले तर सगळे संपते. त्यामुळे घाई हाच त्याचा पहिला शत्रू. आणि युद्धात तर घाईच असते.

६/
राणे यांची नेमणूक २६ व्या हिंदी डिव्हिजनमधील २८ फील्ड कंपनीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झाली. १९४३ मध्ये आराकानमधून माघार घेताना बुथिदाँग येथे शत्रूच्या हाती पडू नये असे महत्त्वाचे साहित्य नष्ट करण्यासाठी त्यांना दोन सेक्शनांसह मागे ठेवण्यात आले. काम उरकल्यावर नौदल त्यांना उचलून नेईल अशी योजना होती. ती फसली. मागे उरलेल्या या मूठभर लोकांनी जपानी गस्तींची नजर चुकवत स्वतःच नदी ओलांडली आणि आपली डिव्हिजन गाठली. या कामगिरीनंतर राणे हवालदार झाले. इतरांनी माघार घेतल्यावर सर्वांत शेवटी निघायचे आणि इतरांनी पुढे जायच्या आधी सर्वांत पुढे जायचे, हे सफरमैनांचे प्राक्तन त्यांनी येथे पहिल्यांदा अनुभवले.

७/
येथे बॉम्बे सॅपर्सच्याच आणखी एका तरुणाची आठवण आवश्यक आहे. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१ च्या आरंभी अबिसिनियात, मेतेमाहून गोंडारकडे जाणाऱ्या रस्त्यावर इटालियन सैन्याने पेरलेले सुरुंग त्यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या टापूत शोधले. असे १५ सुरुंगक्षेत्र त्यांनी मोकळे केले. त्यांचे वाहन दोनदा सुरुंगावर उडाले, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी जागा सोडली नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकच दल, एकच हुद्दा, तेच काम, तेवढेच चार दिवस. सात वर्षांनी जम्मूत जे घडले, त्याचे हे पूर्वरूप वाटावे इतके साम्य आहे.

८/
एक फरक मात्र मोठा होता. भगत वयाच्या विशीतच थेट अधिकारी म्हणून सैन्यात आले होते. राणे साध्या शिपायाच्या पदापासून चढत आले. १५ डिसेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर चारच महिन्यांनी, त्यांना कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले आणि ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत त्यांची नेमणूक झाली. अन्य तरुण ज्या हुद्द्यावर विशी-एकविशीत असतात, तेथे ते एकोणतिसाव्या वर्षी पोहोचले. ही उशिरा मिळालेली बढती पुढे मोलाची ठरली. कारण हाताखालच्या प्रत्येक माणसाचे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेले होते.

९/
आता रणभूमीकडे. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानच्या पाठबळाने टोळीवाले जम्मू-काश्मीर संस्थानात शिरले. २६ ऑक्टोबरला महाराजा हरिसिंग यांनी सामीलनाम्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी भारतीय सैन्य श्रीनगरला उतरले. श्रीनगरची लढाई सर्वांना ठाऊक असते. पीर पंजालच्या दक्षिणेकडील जम्मूची लढाई त्या मानाने विस्मरणात गेली आहे. तेथे नोव्हेंबरात राजौरी पडली, २५ नोव्हेंबरला मीरपूर पडले आणि २४ डिसेंबरला झांगड हातचे गेले. नौशेरा तेवढे टिकून राहिले.

१०/
त्या शरद ऋतूत जम्मू प्रांतात जे घडले, ते केवळ लष्करी डावपेचांच्या भाषेत सांगता येत नाही. जम्मूच्या पूर्व भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. राजौरी आणि मीरपूरकडे हिंदू-शिखांच्या. राजौरीत आजूबाजूच्या गावांतून आश्रयाला आलेली माणसे गोळा झाली होती. ऐन दिवाळीच्या सुमारास गाव पडले तेव्हा त्यांच्यापैकी फार थोडे वाचले. अनेक स्त्रियांनी शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मरण पत्करले. म्हणून १९४८ च्या वसंतात राजौरीचा रस्ता उघडणे याचा अर्थ नकाशावरचा एक ठिपका जिंकणे एवढाच नव्हता. त्या टोकाला अजून जिवंत असलेली माणसे होती आणि प्रत्येक दिवसाचा उशीर त्यांना भोगावा लागणार होता.

११/
६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेरावरचा मोठा हल्ला परतवून लावण्यात आला. याच लढाईत तैनधार येथे नायक जदुनाथसिंग यांनी प्राणार्पण केले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १८ मार्चला ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या सैन्याने झांगड परत घेतले. त्यानंतर मेजर जनरल कलवंतसिंग यांनी राजौरीकडे मोर्चा वळवला. डोगरा रेजिमेंटची चौथी पलटण पुढे, सोबत रणगाडे, आणि त्या दोघांच्याही पुढे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या सफरमैनांची छोटी तुकडी.

१२/
हा रस्ता इतिहासात नवा नव्हता. मुघल बादशाह याच वाटेने काश्मीरला जात असत. नौशेरा, चिंगस, राजौरी, ठाणामंडी हे त्या वाटेवरचे मुक्काम. चिंगसच्या सराईशी एक विलक्षण परंपरा जोडलेली आहे. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेतच वारला. वारसाहक्काचा कलह लगेच भडकू नये म्हणून नूरजहानने ती बातमी दडवली आणि शव लाहोरपर्यंत टिकावे म्हणून त्याची आतडी येथे पुरली, असे सांगतात. ‘चिंगस’ हे नावही आतड्यांसाठीच्या फारसी शब्दावरून आले असे मानले जाते. तीन शतकांनंतर त्याच सराईच्या रस्त्यात भूसुरुंग पेरलेले होते.

१३/
८ एप्रिल, सकाळचे ११. सव्विसाव्या मैलापाशी राणे यांची तुकडी रणगाड्यांजवळ कामाला लागण्याच्या तयारीत उभी असताना शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जण जागीच ठार झाले, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः होते. तुकडीचे काम अजून सुरूही झालेले नव्हते. त्यांनी उरलेल्या माणसांची फेरजुळणी केली आणि सुरुंग काढायला सुरुवात केली. दुपारी साडेचारच्या सुमारास डोगरांनी बरवाली धार जिंकली. परिसर अजून पुरता निवळलेला नव्हता हे माहीत असूनही राणे पुढे गेले आणि शत्रूच्या डोळ्यांदेखत, मशीनगनच्या माऱ्यात, रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी बगलरस्ता खोदत राहिले.

१४/
९ एप्रिल. पहाटे सहाला पुन्हा काम सुरू, दुपारी तीनला बगलरस्ता तयार. रणगाडे निघाले तेव्हा राणे सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर चिडाच्या झाडांचा अडथळा आला. उतरून त्यांनी तो सुरुंगाने उडवला. आणखी ३०० यार्डांवर तसाच दुसरा. मग उडवलेली मोरी. रस्ता डोंगराला वेढे घालत वर चढत होता आणि प्रत्येक वळणामागे नवा अडथळा होता. सव्वासहा वाजता, उजेड सरत असताना, पाच मोठी झाडे आडवी पडलेली दिसली. भोवती सुरुंग, वरून मशीनगन. राणे तेथेही कामाला लागले. पण अंधार पाहून तुकडीच्या सेनानीने रणगाडे रात्रीच्या मुक्कामाला वळवले.

१५/
१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला, पुरते उजाडायच्या आधीच, राणे त्या पाच झाडांपाशी परत आले. साडेसहाला तो अडथळा दूर झाला. पुढचे १००० यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि ढासळवलेल्या बांधांची रांगच होती. साडेदहापर्यंत तीही संपली. रणगाडे तेथून रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. (ही जम्मू शहराजवळची तवी नव्हे; ही राजौरी-नौशेराकडून वाहणारी मनावर तवी.)

१६/
येथे एक क्षण थांबण्यासारखा आहे. रणगाडे पुढे निघून गेले होते. सर्वांचे लक्ष ज्या कामाकडे असते ते पार पडले होते. जखमी माणसाने आता विश्रांती घेतली असती तर कोणी बोल लावला नसता. परंतु रणगाड्यांना नदीच्या पात्रातून जाता येते, शिधा, दारूगोळा, इंधन वाहणाऱ्या आणि जखमींना परत आणणाऱ्या मोटारींना येत नाही. त्यांना रस्ताच लागतो. म्हणून राणे मागे राहिले आणि अन्न-विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिले. ११ एप्रिलला पुन्हा सकाळी सहाला सुरुवात. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या दिवशीचे काम संपले रात्री दहाला. शेवटच्या दोन्ही दिवशी कामाचे सोळा-सोळा तास भरले.

१७/
नंतरच्या वर्णनांत एक प्रसंग वारंवार सांगितला जातो : गोळीबारापासून आडोसा मिळावा म्हणून राणे रणगाड्याखाली शिरले, त्याच्या गतीने रांगत पुढे सरकले आणि दोरीच्या हिसक्यांनी चालकाला इशारे देत राहिले. चित्रकारांना आणि चित्रकथाकारांना हा प्रसंग प्रिय आहे, आणि ते स्वाभाविक आहे. पण अधिकृत मानपत्रात भरलेले आहे ते वेगळेच : वेळा, अंतरे, झाडे, मोऱ्या. सहा वाजता सुरू, दहा वाजता बंद. एखाद्या मुकादमाच्या रोजनिशीसारखा हा मजकूर वाचताना ध्यानात येते, की येथे शौर्य एका झेपेत नव्हते. ते तासातासाने, यार्डायार्डाने साठत गेले.

१८/
१२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत शिरले. गाव उद्ध्वस्त झाले होते. पण जे जिवंत होते त्यांच्यापर्यंत मदत पोहोचली आणि ती पोहोचवण्यासाठी रस्ता होता. राजौरीत आजही १३ एप्रिल हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. या सगळ्यात ८ एप्रिलच्या सकाळी पडलेले ते दोन सफरमैना विसरता येत नाहीत. मानपत्रात त्यांचा उल्लेख ‘दोन जण’ एवढाच आहे, नावे नाहीत. सन्मान एका व्यक्तीचा असतो, म्हणून असे होते. पण इतिहास वाचणाऱ्याने ती रिकामी जागा पाहायला शिकले पाहिजे.

१९/
परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आले. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या इव्ह यव्हॉन यांनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्या येथल्या होऊन गेल्या. त्यांनी पदकावर इंद्राचे वज्र कोरले. दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी दिल्या, त्यातून घडलेले ते शस्त्र. १९४७-४८ च्या युद्धासाठी पाच जणांना हा सन्मान मिळाला. तिघांना मरणोत्तर, लान्सनायक करमसिंग आणि राणे हे दोघेच तो स्वतःच्या छातीवर लावू शकले. आजवरच्या २१ परमवीरांमध्ये इंजिनिअर्सचे राणे हे एकटेच आहेत.

२०/
जिवंत राहिलेल्या वीराची स्मृती जपणे समाजाला अवघड जाते. हुतात्म्याची कथा एका क्षणावर पूर्ण होते. वाचलेल्या माणसाला मात्र नोकरी करायची असते, बढतीची वाट पाहायची असते, म्हातारे व्हायचे असते. राणे यांनी २८ वर्षे सेवा केली. पाच वेळा त्यांचा युद्धवृत्तांत गौरवाने उल्लेख झाला. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. साध्या शिपायाने मेजरपर्यंत चढणे ही लहान गोष्ट नव्हती. पण ज्याला देशाने सर्वोच्च शौर्यपदक दिले, त्याच्यासाठी हुद्द्यांची शिडी वेगळी नव्हती हेही तितकेच खरे. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड रुग्णालयात, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२१/
स्मारके आहेत. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे. भारतीय नौवहन महामंडळाने आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट राणे यांच्या नावाचे आहे. समुद्रकाठच्या मुलाला पुतळा, जहाज आणि बेट मिळाले, आणि तिन्ही समुद्रापाशीच, हा योगायोग मनात रेंगाळतो. त्यांनी ज्यासाठी जीव पणाला लावला तो मात्र डोंगरातला एक रस्ता होता.

२२/
युद्धाचा इतिहास वाचताना नजर सेनापतींकडे आणि निर्णायक हल्ल्यांकडे जाते. पण कोणताही हल्ला रस्त्यावाचून पुढे जात नाही, आणि रस्ता कोणीतरी गुडघ्यांवर बसून, माती टोचत, एकेक यार्ड मोकळा केलेला असतो. पोलीस शिपायाचा मुलगा, तुकड्यातुकड्यांनी शिकलेला, शिपायाचा हवालदार आणि हवालदाराचा अधिकारी झालेला हा माणूस त्या कामाचा सर्वांत मोठा मानकरी ठरला. नौशेरा-राजौरी रस्त्यावरून आज मोटारी बिनदिक्कत धावतात. रस्ता मोकळा करणाऱ्याचे काम पूर्ण झाले की असेच होते : त्याची कोणतीही खूण मागे राहत नाही.

(समाप्त)